रुग्णसेविका सावित्रीमाई

क्रांतिज्योती सावित्रीमाई फुले म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर शाळा उभी राहते. ३ जानेवारी १८३१ रोजी सातारा जिल्ह्यातील नायगावी जन्म, १८४० साली जोतीरावांशी लग्न, १८४८ साली पुण्यात भिडेवाड्यात मुलींची शाळा, हे आपल्या मुलांनाही पाठ आहे. परंतु माईंचा शेवट कसा झाला, हे आपण घरी फारसे सांगत नाही. म्हणून आम्ही हे चार शब्द लिहीत आहोत.

१८९० साली जोतीराव गेले. १८९६ साली मुंबईत प्लेग आला आणि लवकरच तो पुण्यात पोचला. घरचे माणूससुद्धा रोग्याजवळ जायला धजेना. अशा वेळी माईंनी दत्तक पुत्र डॉ. यशवंत यांना बोलावून घेतले आणि हडपसरजवळ ससाण्यांच्या माळावर, वस्तीपासून दूर, दवाखाना उघडला. मुंढव्याच्या महारवाड्यात पांडुरंग गायकवाड यांच्या मुलाला प्लेग झाल्याचे कळताच सहासष्ट वर्षांच्या माई तिथे गेल्या. पोराला पाठीवर घेऊन त्यांनी दवाखाना गाठला. ज्यांची सावलीही लोक टाळत, त्यांचे पोर माईंच्या पाठीवर! पोर वाचले. माईंना मात्र प्लेगने गाठले. १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या.

प्लेगचा जंतू १८९४ सालीच सापडला होता. पण उंदरावरची पिसू तो माणसात आणते, हे सिमाँ या फ्रेंच डॉक्टरांनी १८९८ साली दाखवले. गाठीतला पू, खोकल्याचे तुषार यांतूनही सेवा करणाऱ्याला लागण होते. हातमोजे, मास्क, रोग बरा करणारे औषध, यातले काहीच माईंजवळ नव्हते.

आज ते आहे. आपल्या रत्नागिरीतल्या कितीतरी लेकीसुना नर्स आहेत, आया आहेत. कितीतरी बांधव दवाखान्यात साफसफाई करतात. त्यांना आमचे कळकळीचे सांगणे आहे : रोग्याला हात लावण्यापूर्वी आणि नंतर हात धुवा. वापरलेल्या सुईला टोपण लावू नका, ती थेट सुयांच्या कडक डब्यात टाका. रक्ताची पट्टी पिवळ्या पिशवीतच जाऊ द्या. झाडूवाल्यालाही हातमोजे मिळालेच पाहिजेत. नसतील तर बिनधास्त मागा, तो हक्क आहे. आणि आपण नातेवाइकांनी खाटेभोवती गर्दी करू नये.

माईंनी जीव दिला, कारण दुसरा उपाय हाती नव्हता. आज सेवा करणाऱ्याचा जीव जपणे, हेच माईंना खरे अभिवादन!