भदंत उपाली : राजपुत्रांनी ज्यांना आधी वंदन केले

भगवान बुद्धांच्या संघात राजपुत्र आले, ब्राह्मण आले, धनिक श्रेष्ठी आले. पण संघाचे नियम सर्वांत चांगले कोणाला ठाऊक, असा प्रश्न निघाला की नाव येई ते भदंत उपालींचे. उपाली कपिलवस्तूच्या एका नाभिक कुटुंबातले. त्यांचे चरित्र आम्ही आज पुन्हा सांगत आहोत, कारण माणसाच्या कामावरून त्याची किंमत करण्याची खोड समाजातून अजून गेलेली नाही.

उपाली शाक्य राजपुत्रांची हजामत करीत. भद्दिय, अनुरुद्ध, आनंद, भगु, किंबिल आणि देवदत्त हे सहा जण प्रव्रज्या घेण्यासाठी निघाले, तेव्हा उपालीही सोबत होते. राज्याची हद्द ओलांडल्यावर राजपुत्रांनी अंगावरचे दागिने उतरवले, उपरण्यात बांधून उपालींच्या हाती दिले आणि एवढ्यावर तुझा चरितार्थ चालेल, आता परत जा, असे सांगितले.

उपाली परत फिरले खरे, पण वाटेत थबकले. शाक्य मोठे तापट. दागिने घेऊन एकटाच परतलेला सेवक पाहून त्यानेच राजपुत्रांना फितवले असे ते म्हणतील आणि जीव घेतील, ही भीती होतीच. त्याहून मोठा विचार दुसरा होता. राजपुत्र घरदार सोडू शकतात, तर मी का नाही? त्यांनी ते गाठोडे झाडाला टांगले, ज्याला सापडेल त्याने खुशाल न्यावे असे म्हटले आणि राजपुत्रांना जाऊन गाठले.

सगळे मिळून मल्लांच्या अनुपिया गावी तथागतांकडे गेले. तेथे राजपुत्रांनीच विनंती केली, की आम्हा शाक्यांना कुळाचा फार अभिमान आहे, तो मोडावा म्हणून उपालीला आमच्या आधी दीक्षा द्यावी. संघात आधी आलेला तो ज्येष्ठ. त्यामुळे काल ज्याच्याकडून सेवा घेतली, त्यालाच आज राजपुत्रांनी हात जोडले.

पुढे उपालींना वनात एकांतात राहून साधना करायची होती. तथागतांनी त्यांना संघातच राहायला सांगितले. तेथे त्यांनी विनय इतका आत्मसात केला, की तथागतांनी त्यांना विनयधरांमध्ये अग्र ठरवले.

त्यांच्या न्यायबुद्धीची एक कथा अट्ठकथेत आहे. एक भिक्खुणी गर्भवती असल्याचे आढळले. देवदत्ताने चौकशी न करताच तिला घालवून दिले. प्रकरण श्रावस्तीला तथागतांपुढे आले आणि त्यांनी ते उपालींकडे सोपवले. उपालींनी विशाखेला बोलावले. तिने पडद्याआड तपासणी केली, दिवस-महिन्यांचा हिशेब मांडला. गर्भ दीक्षेच्या आधीचा होता. उपालींनी भर सभेत त्या भिक्खुणीला निर्दोष ठरवले. राजपुत्र देवदत्ताने केलेला अन्याय एकेकाळच्या नाभिकाने दूर केला. तिचा मुलगा पुढे भदंत कुमार कस्सप म्हणून प्रसिद्ध झाला.

महापरिनिर्वाणानंतर राजगृहाला ५०० भिक्खूंची पहिली संगीती भरली. अध्यक्ष होते महाकस्सप, जन्माने ब्राह्मण. त्यांनी प्रत्येक नियम कोठे, कोणामुळे आणि कशासाठी झाला हे विचारले आणि उपालींनी उत्तरे दिली. आनंदांनी धम्म सांगितला तो त्यानंतर.

त्या विनयातला एक नियम आपण सर्वांनी ध्यानात ठेवावा असा आहे. जन्म, काम किंवा कारागिरी काढून भिक्खूने भिक्खूला टोमणा मारणे हा अपराध आहे. लोक ज्यांना हलके मानत त्या कारागिरींची यादीही तेथे आहे : बुरूडकाम, कुंभारकाम, विणकाम, चांभारकाम आणि न्हाव्याचे काम. म्हणजे उपालींचा स्वतःचा व्यवसाय त्या यादीत होता. धंदा काढून बोलणाऱ्यालाच विनयाने दोषी धरले.

मग कोणताही धंदा चालतो का? नाही. उपासकांना शस्त्रे, प्राणी, मांस, मद्य आणि विष यांचा व्यापार तथागतांनी वर्ज्य सांगितला. हे मोजमाप दुसऱ्याला होणाऱ्या इजेचे आहे, जातीचे नाही. केस कापणे, झाडू मारणे, चप्पल शिवणे या यादीत कोठेही नाही.

बाबासाहेबांनी 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात उपालींच्या दीक्षेला स्थान दिले, ते उगाच नव्हे. जन्माने लादलेले काम सोडण्याचा हक्क त्यांनी आपल्याला दिला. पण काम सोडणे वेगळे आणि ते करणाऱ्याला हिणवणे वेगळे. आज लग्न जुळवताना मुलाची सरकारी नोकरी आधी विचारली जाते. घंटागाडीवर राबून मुलांना शिकवणाऱ्या बापाचे काम बायोडाटात लपवले जाते. पदवी घेऊन सलून किंवा पार्लर काढणाऱ्या मुला-मुलीला शिक्षण वाया घालवल्याचे ऐकावे लागते. उपालींना पाठीवर जातीचे ओझे नको होते, म्हणून त्यांनी वाट बदलली. दुसऱ्या कोणी स्वतःच्या मर्जीने कात्री हातात घेतली, तर तीही त्याची निवडच आहे.

आमची विनंती एवढीच आहे. विहारात शेजारी बसलेल्या उपासकाची ओळख करून घेताना तो कोणत्या पदावर आहे हे आधी विचारू नये. आणि त्याने आपले काम सांगितलेच, तर ते कोणतेही असो, आपला चेहरा बदलू नये.

नमो बुद्धाय! जय भीम!