श्रीमंतांवर कर लावा, पण दर निम्मा करा : निकोलस काल्डॉर यांची गोष्ट

१९५६ सालची सुरुवात. दुसरी पंचवार्षिक योजना तोंडावर आली होती. पोलाद कारखाने, धरणं, शाळा, दवाखाने सगळंच उभारायचं होतं आणि पैसा मात्र अपुरा होता. अर्थमंत्री होते चिंतामणराव देशमुख. याच काळात केंब्रिजचे एक अर्थतज्ज्ञ भारताची करव्यवस्था तपासायला आले. त्यांचं नाव निकोलस काल्डॉर.

काल्डॉर मूळचे हंगेरीचे. १२ मे १९०८ रोजी बुडापेस्टमध्ये एका वकिलाच्या घरात त्यांचा जन्म झाला. १९२७ मध्ये ते लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकायला गेले आणि पुढे तिथंच शिकवू लागले. दुसऱ्या महायुद्धानंतर जिनिव्हात संयुक्त राष्ट्रांसाठी काम करून १९४९ मध्ये ते केंब्रिजला आले. ब्रिटनच्या कर आयोगावर त्यांची नेमणूक झाली, पण बहुमताचा अहवाल न पटल्याने दोन सहकाऱ्यांसह त्यांनी वेगळं मत नोंदवलं.

गरीब देशांबद्दल त्यांचं म्हणणं साधं होतं. परकीय मदत उपयोगी असते, पण तिच्यावर देश उभा राहत नाही. नोटा छापून खर्च भागवला तर महागाई वाढते आणि तिची झळ गरिबालाच बसते. म्हणून विकासाचा पैसा देशातल्या सधन वर्गाकडूनच कररूपाने यायला हवा.

भारतात त्यांना काय दिसलं? मोठ्या उत्पन्नावर आयकराचा दर कागदोपत्री ९० टक्क्यांच्या वर होता. प्रत्यक्षात एवढा कर भरणारे मोजकेच. चुकवेगिरीमुळे सरकारचे वर्षाला २०० ते ३०० कोटी रुपये बुडत असावेत, असा त्यांचा अंदाज होता.

यावर त्यांनी सुचवलेला उपाय दुहेरी होता. आयकराचा कमाल दर ४५ टक्क्यांवर आणायचा आणि त्याच वेळी भांडवली नफा, संपत्ती, देणगी आणि वैयक्तिक खर्च यांवरही कर लावायचा. आयकरासह हे पाचही कर एकाच विवरणपत्रात भरायचे. यातली गंमत अशी, की हे कर एकमेकांवर पहारा ठेवतात. कर वाचवायला कुणी मालमत्ता नातेवाइकाच्या नावावर केली, तर ती देणगी करात सापडते. उत्पन्न लपवून बंगला बांधला, तर तो संपत्तीच्या हिशेबात दिसतो. दर कमी असल्याने प्रामाणिक माणसाला कर भरणं जड जात नाही, आणि लबाडाला पळवाट उरत नाही.

१९५६ च्या जुलैमध्ये मुंबईच्या प्रश्नावर देशमुखांनी राजीनामा दिला. त्यांच्या जागी आलेल्या टी. टी. कृष्णमाचारी यांनी भांडवली नफ्यावर पुन्हा कर बसवला. १९५७ मध्ये संपत्ती कर आणि खर्च कराचे कायदे झाले, १९५८ मध्ये देणगी कर आला. काल्डॉर यांच्या शिफारशी मान्य झाल्या, असं वरवर वाटलं.

पण खरी मेख इथंच होती. आयकराचा कमाल दर ४५ टक्क्यांच्या खूप वरच राहिला. नव्या करांना सवलती जोडल्या गेल्या. एकमेकांवर पहारा ठेवणारी साखळी काही जुळलीच नाही. खर्च करातून तर नाममात्र पैसा आला. तो १९६२ मध्ये रद्द झाला, १९६४ मध्ये परत आला आणि १९६६ मध्ये कायमचा गेला. टीकाकार म्हणत, की एवढा हिशेब तपासणारी यंत्रणा भारताकडे नव्हतीच. या म्हणण्यातही तथ्य होतं.

पुढे श्रीलंका, मेक्सिको, घाना, ब्रिटिश गयाना, तुर्कस्तान अशा देशांनीही त्यांना बोलावलं. घानात १९६१ च्या अर्थसंकल्पानंतर रेल्वे आणि बंदर कामगारांनी संप केला. ब्रिटिश गयानात १९६२ मध्ये अर्थसंकल्पाविरोधात जॉर्जटाऊन पेटलं. तुर्कस्तानात जमिनीच्या उत्पादनक्षमतेवर कर लावण्याची त्यांची सूचना बड्या जमीनदारांपुढे टिकली नाही. कर बसवणं हा फक्त हिशेबाचा मामला नसतो. कुणाच्या खिशाला हात घालायचा, हा सत्तेचा प्रश्न असतो, हे काल्डॉर यांना या प्रवासात पुन्हा पुन्हा दिसलं.

ब्रिटनमध्ये त्यांनी मजूर पक्षाच्या सरकारांना सल्ला दिला आणि १९७४ मध्ये ते लॉर्ड झाले. ३० सप्टेंबर १९८६ रोजी त्यांचं निधन झालं. भारतातला देणगी कर १९९८ मध्ये बंद झाला. संपत्ती कर रद्द करण्याची घोषणा २०१५ च्या अर्थसंकल्पात झाली. भांडवली नफ्यावरचा कर मात्र आजही आपण भरतो.

२०२४ मध्ये ब्राझीलच्या अध्यक्षतेखालील जी-२० गटात जगातल्या अब्जाधीशांच्या संपत्तीवर किमान २ टक्के कर लावण्याचा प्रस्ताव चर्चेला आला. संपत्ती एका देशातून दुसऱ्या देशात सहज हलते, म्हणून आता सगळ्या देशांनी मिळून पहारा ठेवावा, असा त्यामागचा विचार आहे. दवाखाने आणि शाळा कुणाच्या पैशातून उभ्या राहणार, हा काल्डॉर यांचा प्रश्न अजूनही सुटलेला नाही.