नगरांचे वैद्य : सर पॅट्रिक गेडिस

जुने पाडून नवे उभारणे यालाच सुधारणा म्हणण्याचा प्रघात सर्वत्र पडला आहे. जुने राखूनही नगरे निरोगी करता येतात, हे ज्यांनी कृतीने दाखविले त्या सर पॅट्रिक गेडिस यांच्या चरित्राचे स्मरण म्हणूनच या स्मरणिकेत उचित ठरावे.

गेडिस यांचा जन्म स्कॉटलंडमध्ये २ ऑक्टोबर १८५४ रोजी झाला. वनस्पतिशास्त्र हा त्यांचा मूळ विषय. १८८६ साली ॲना मॉर्टन यांच्याशी विवाह झाल्यानंतर या दांपत्याने एडिंबरो शहराच्या जुन्या भागातील एका दाट व मलिन वस्तीत बिऱ्हाड थाटले. शेजाऱ्यांना सोबत घेऊन त्यांनी भिंतींना चुना दिला, रिकाम्या कोपऱ्यांत बागा फुलविल्या व मोडकळीस आलेल्या घरांची डागडुजी करून तेथे विद्यार्थ्यांची सोय केली. धनिकांनी सोडलेला तो भाग पुन्हा गजबजला.

१९१४ साली ते हिंदुस्थानात आले. त्यांचे नगरविषयक प्रदर्शन आणणारे जहाज 'एमडेन' या जर्मन युद्धनौकेने बुडविले. तथापि नवी सामग्री जमवून त्यांनी १९१५ साली मद्रासला प्रदर्शन भरविलेच. पुढे ठाणे, तंजावर आदी नगरांतील गल्ल्या त्यांनी पायी हिंडून पाहिल्या. वस्ती उभी चिरून सरळ रस्ता काढण्याऐवजी एखादे पडके घर तेवढे हटवावे, लहानसा चौक मोकळा करावा, तेथे झाड लावावे, अशी त्यांची रीत. ती स्वस्तही पडे आणि गरिबाचे घर वाचे. हिवतापाच्या भयाने तळी बुजविण्यापेक्षा ती स्वच्छ राखून त्यांत मासे सोडावेत, असे ते सांगत.

१९१७ साली पुत्र फ्रान्समधील रणांगणी पडला आणि पत्नीनेही याच देशात देह ठेवला. या दुःखातही कार्य थांबले नाही. होळकरांच्या इंदुरात प्लेगची धास्ती होती. तेथे गेडिस यांनी दिवाळीच्या मिरवणुकीचा परंपरागत मार्ग बाजूस ठेवून, ज्या आळीत अधिक घरे स्वच्छ होतील तिच्यातून मिरवणूक नेण्याचे जाहीर केले. घरोघरी झाडलोट सुरू झाली. मिरवणुकीत प्लेगच्या उंदराची प्रतिमा होती आणि सफाई कामगार शुभ्र वस्त्रे लेवून मानाने चालले.

१९१९ ते १९२४ या काळात ते मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे प्राध्यापक होते. आपल्या शेजारच्या मालवणचे सुपुत्र डॉ. गोविंद सदाशिव घुर्ये यांची त्यांनीच उच्च शिक्षणासाठी विलायतेस निवड केली. १७ एप्रिल १९३२ रोजी फ्रान्समध्ये त्यांचे निधन झाले.

इब्रामपूर हे खेडे. नगररचनेशी त्याचा संबंध काय, असे कोणी म्हणेल. परंतु देवळाचा चौक, मांड, तळी, पिंपळाचा पार आणि भोवतालची घरे हेच आपल्या गावांचे नगर होय. जीर्णोद्धाराच्या उत्साहात यांपैकी एक जरी पुसले गेले, तरी पैसा ओतून ते परत मिळणार नाही. यास्तव पहिला घाव घालण्यापूर्वी महाजनांनी तो परिसर एकदा पायी हिंडून, वृद्धांस विचारून पाहावा, एवढेच नम्रपणे सुचवावेसे वाटते.