खडकवासल्याची स्वयंचलित दारे

मही नदीचा उगम आमच्या सरदारपुर तहसिलीत आहे. पावसाळ्यात तिचे पाणी चढू लागले की एवढे पाणी अडवावे कसे, आणि अडविलेले वेळेवर सोडावे कसे, हा प्रश्न आम्हां विद्यार्थ्यांच्या मनात येतो. ज्यांनी त्याचे उत्तर पुण्याजवळ शोधून काढले, त्या सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांचे चरित्र आम्ही येथे थोडक्यात देत आहोत.

म्हैसूर संस्थानातील मुद्देनहळ्ळी या खेड्यात त्यांचा जन्म झाला. पितृछत्र लहानपणीच हरपले. शिकवण्या करून त्यांनी बंगळूर येथे 1881 साली बी. ए. पदवी संपादन केली, आणि म्हैसूर सरकारच्या शिष्यवृत्तीवर ते पुण्याच्या सायन्स कॉलेजात आले. 1883 साली स्थापत्याच्या परीक्षेत पहिला क्रमांक मिळवून पुढच्याच वर्षी ते मुंबई सरकारच्या बांधकाम खात्यात नाशिक येथे रुजू झाले. खानदेश, सिंधमधील सक्कर, सुरत असा प्रवास करीत ते पुन्हा पुण्यास आले.

पुण्याला पाणी पुरविणारे मुठा नदीवरील खडकवासला धरण पावसाळ्यात भरून जाई व जादा पाणी सांडव्यावरून वाया जाई. उन्हाळ्यात मात्र टंचाई. भिंत उंच करणे खर्चाचे काम. सांडव्यावर दारे बसवावी, तर मध्यरात्री पूर येऊन ती उघडण्यास उशीर झाला म्हणजे? पाणी भिंतीवरून जाईल आणि खाली पुणे शहर आहे! विश्वेश्वरय्यांनी योजलेली दारे वजने आणि प्रतिवजने यांच्या तोलावर अशी बेतलेली होती, की पाणी ठरलेल्या पातळीवर चढताच ती आपोआप उघडत आणि पाणी उतरताच आपोआप मिटत. 1903 साली ती बसविली गेली व भिंत न वाढविता सुमारे 8 फूट अधिक पाणी साठू लागले. त्यांनी या योजनेचे पेटंट घेतले. परंतु सरकारी चाकरीत केलेल्या कामाबद्दल मानधन घेणे त्यांना उचित वाटले नाही.

अशा कामात खरी परीक्षा पुराच्या दिवशीच होते. तेव्हा चूक दुरुस्त करण्यास सवड नसते. पाणी अरुंद वाटेने जाताना वेग वाढतो, दाब घटतो, भोवरे उठतात व दार थरथरू लागते. कारखान्याच्या नळातील व्हॉल्व्हचीही हीच गोष्ट. आज अभियंते व्हॉल्व्हची आकृती संगणकात रेखून आतली पोकळी हजारो लहान घरांत विभागतात, प्रत्येक घरातील वेग व दाब काढतात, आणि ओतकाम होण्यापूर्वीच आकार सुधारतात. विश्वेश्वरय्यांपाशी कागद, आकडेमोड आणि नद्यांचा अनुभव एवढेच होते. आम्हांला याचेच अधिक नवल वाटते.

हीच दारे पुढे ग्वाल्हेरजवळील तिघरा धरणावर बसली. आमचे सरदारपुर 1948 पर्यंत त्याच ग्वाल्हेर संस्थानात होते, म्हणून ही गोष्ट आम्हांस घरची वाटते. म्हैसूरच्या कृष्णराजसागरावरही ती वापरली गेली. 1912 ते 1918 या काळात ते म्हैसूरचे दिवाण होते. 1955 साली त्यांना भारतरत्न हा किताब मिळाला.

12 जुलै 1961 रोजी वरच्या अंगाचे पानशेत धरण फुटले. त्या लोंढ्यापुढे खडकवासल्याचाही टिकाव लागला नाही व पुण्यात हाहाकार उडाला. एवढे पाणी एकदम येईल, असा हिशेब कोणत्याच दाराच्या वाट्याला आला नव्हता. विश्वेश्वरय्या त्या वेळी हयात होते. शंभरी ओलांडून एप्रिल 1962 मध्ये त्यांनी बंगळूर येथे देह ठेवला. खडकवासला धरण पुन्हा उभे राहिले. 1916 साली सुरू झालेली आणि आज केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्र म्हणून ओळखली जाणारी संस्था खडकवासल्यासच आहे. तेथे धरणांच्या सांडव्यांच्या लहान प्रतिकृतींवर पाणी सोडून, आणि आता संगणकावरही, प्रवाहाची परीक्षा आधीच घेतली जाते.