मजूरमंत्री बाबासाहेब : वीज, पाणी आणि यंत्र

संविधानाचे शिल्पकार म्हणून बाबासाहेबांना सारे जग ओळखते. परंतु संविधान सभेत जाण्यापूर्वी, १९४२ ते १९४६ या काळात, ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. त्या खात्याकडे कामगारांच्या प्रश्नांबरोबर वीज, पाटबंधारे आणि खाणीही होत्या. आपल्या जयंतीच्या भाषणांत हा अध्याय क्वचितच ऐकू येतो.

त्याची मुळे त्यांच्या अर्थशास्त्रात आहेत. १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे जन्मलेल्या भीमरावांनी कोलंबिया विद्यापीठ आणि लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स येथे उच्च शिक्षण घेतले. १९१८ साली त्यांनी भारतातील लहान शेतजमिनींवर निबंध लिहिला. जमिनीचे तुकडे एकत्र केले म्हणजे शेती सुधारेल, असे तेव्हाचे अनेक जाणकार मानत. बाबासाहेबांचे निदान निराळे होते. तुकडा लहान हे खरे दुखणे नव्हे; त्यावर लावायला भांडवल व अवजारे नाहीत आणि पोट भरणारी माणसे मात्र फार, हे दुखणे. म्हणून शेतीवरचा इलाज उद्योगधंद्यांत शोधावा लागेल. शेवगावच्या वाचकाला हे ग्रंथातून समजावून घ्यावे लागत नाही. दिवाळी आली की कोयता घेऊन ऊसतोडीला निघणारी बिऱ्हाडे आपण दरवर्षी पाहतो.

१९२७ पासून ते मुंबई कायदेमंडळाचे सदस्य होते. १९३७ च्या निवडणुकीत ते स्वतंत्र मजूर पक्षातर्फे निवडून आले; त्याच पक्षाचे पी. जे. रोहम आपल्या नगर जिल्ह्यातून विजयी झाले होते.

मजूरमंत्रिपदामुळे जुन्या निदानाला अधिकाराची जोड मिळाली. युद्धोत्तर पुनर्रचनेच्या वीजविषयक समितीसमोर ऑक्टोबर १९४३ मध्ये त्यांनी आपली भूमिका मांडली. वीज स्वस्त व मुबलक हवी; तिच्यावाचून उद्योग उभे राहणार नाहीत आणि उद्योगांवाचून दारिद्र्य हटणार नाही. १९४४ मध्ये केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ स्थापन झाले. पुढच्याच वर्षी जलमार्ग, पाटबंधारे व नौकानयन आयोग आला. आजचा केंद्रीय जल आयोग त्याचाच वारस होय.

१९४३ साली दामोदर नदीच्या पुराने बंगालमध्ये हाहाकार माजवला. पूर आला की बांध दुरुस्त करायचा, ही जुनी रीत. बाबासाहेबांनी अमेरिकेतील टेनेसी खोऱ्याचा आदर्श समोर ठेवला : एकाच योजनेतून पूरनियंत्रण, सिंचन, वीज आणि जलवाहतूक. जानेवारी १९४५ मध्ये कलकत्त्यात बंगाल व बिहार या प्रांतांना त्यांनी केंद्राबरोबर चर्चेला बसवले. टेनेसीतील अनुभवी अभियंता योजनेच्या आखणीसाठी आला. १९४८ मध्ये दामोदर खोरे महामंडळ अस्तित्वात आले, तेव्हा त्याचे श्रेय इतरांच्या नावे जमा झाले. नोव्हेंबर १९४५ मध्ये कटकच्या परिषदेत त्यांनी महानदीविषयी हाच विचार मांडला. पुराच्या पाण्याला शत्रू मानून समुद्रात घालवू नये, ते साठवावे, असा त्यांचा आग्रह होता. नाथसागराचा फुगवटा आपल्या तालुक्यात पोहोचतो. त्याच्यासाठी जमिनी गमावलेल्या कुटुंबांना बहुउद्देशीय धरणाचा लाभ आणि त्याची किंमत, दोन्ही ठाऊक आहेत.

यंत्राला पाप मानणारा विचार त्यांनी नाकारला. यंत्रामुळे माणसाला उसंत मिळते. दोष असेल तर तो यंत्राच्या मालकीव्यवस्थेत आहे, असे त्यांचे म्हणणे होते. म्हणूनच वीजधोरण आखणाऱ्या याच मंत्र्याने कारखान्यातील कामाचा आठवडा ५४ वरून ४८ तासांवर आणणारे विधेयक १९४६ मध्ये मांडले. येथे एक अप्रिय गोष्टही नोंदवली पाहिजे. कोळशाच्या टंचाईमुळे १९४३ मध्ये भूमिगत खाणीत स्त्रियांना कामाची बंदी उठवली गेली आणि त्या निर्णयाचे समर्थन त्यांना विधिमंडळात करावे लागले. १९४६ मध्ये ही बंदी पुन्हा लागू झाली. सत्तेत राहून काम करणाऱ्याच्या वाट्याला असे प्रसंग येतातच.

ऑक्टोबर १९४२ मध्ये, पदावर येऊन जेमतेम तीन महिने झाले असताना, त्यांनी अस्पृश्यांच्या तक्रारींचे निवेदन व्हाइसरॉयला दिले. कला आणि कायद्याच्या पदव्यांनी आपल्या समाजाचे फारसे भागणार नाही, विज्ञान व तंत्रज्ञानाचे उच्च शिक्षण हवे, असे त्यात त्यांनी मांडले. सरकारी छापखाने आणि रेल्वेच्या कार्यशाळांत उमेदवारीचीही मागणी केली. पुढे शिष्यवृत्त्या मंजूर झाल्या आणि आपली काही मुले परदेशी शिकायला गेली. जून १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झाले, तेव्हा त्यात कलेबरोबर विज्ञान शाखाही होती.