वा. सी. बेंद्रे

वासुदेव सीताराम बेंद्रे (१३ फेब्रुवारी, १८९४ – १६ जुलै, १९८६) हे मराठी इतिहाससंशोधक, चरित्रकार व संपादक होते. छत्रपती संभाजी महाराजांचे साधनाधिष्ठित चरित्र, वढू बुद्रुक (ता. शिरूर, जि. पुणे) येथील संभाजी महाराजांच्या समाधीस्थळाची निश्चिती आणि शिवाजी महाराजांचे अस्सल चित्र उजेडात आणणे या कार्यांसाठी ते ओळखले जातात.

जीवन व संशोधनाची पद्धत

बेंद्रे यांचा जन्म पेण येथे झाला. पुण्यातील भारत इतिहास संशोधक मंडळाशी संबंध आल्यानंतर त्यांनी मराठ्यांच्या इतिहासाला वाहून घेतले. इ.स. १९२८ मध्ये त्यांचा 'साधन-चिकित्सा' हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. बखर, शकावली, पत्र, महजर, परकीयांचे वृत्तांत अशा साधनांचे मोल कसे ठरवावे, याची चर्चा त्यात आहे. घटनेच्या समकालीन कागदाला नंतर लिहिलेल्या बखरीपेक्षा अधिक महत्त्व देणे, हे त्यांच्या लेखनाचे मुख्य सूत्र होते. केशव पंडिताचे 'राजारामचरितम्' (१९३१) व 'दंडनीतिप्रकरणम्' (१९४३) हे संस्कृत ग्रंथ त्यांनी संपादित केले. इ.स. १९३८ मध्ये ते संशोधनासाठी इंग्लंडला गेले आणि तेथील संग्रहांतील मराठ्यांविषयीची कागदपत्रे त्यांनी अभ्यासली.

शिवाजी महाराजांचे चित्र

विसाव्या शतकाच्या आरंभी शिवाजी महाराजांचे म्हणून जे चित्र पुस्तकांत छापले जाई, ते वस्तुतः इब्राहिमखान नावाच्या व्यक्तीचे होते. बेंद्रे यांनी डच साधनांतून मिळालेले चित्र इ.स. १९३३ मध्ये पुण्यात लोकांसमोर मांडले. पुढे हेच चित्र सर्वत्र प्रचारात आले.

समाधीस्थळाची निश्चिती

संभाजी महाराजांना १ फेब्रुवारी, १६८९ रोजी संगमेश्वर येथे मोगल सरदार मुकर्रबखानाने पकडले. त्यांना पेडगावजवळील बहादूरगडावर औरंगजेबासमोर नेण्यात आले. त्यानंतर बादशाही छावणी भीमेच्या काठी कोरेगाव-तुळापूर परिसरात आली. तेथे फाल्गुन वद्य अमावास्या, शके १६१० म्हणजे ११ मार्च, १६८९ रोजी संभाजी महाराज व कवी कलश यांना हालहाल करून ठार मारण्यात आले. मराठी साधने या संदर्भात तुळापूरचे नाव देतात, तर मोगल छावणीच्या मुक्कामासाठी कोरेगावचा उल्लेख होतो. ही दोन्ही गावे भीमेच्या काठी एकमेकांपासून जवळ आहेत.

मृत्यूनंतर देहाची विटंबना झाली. परंपरेनुसार परिसरातील ग्रामस्थांनी छिन्नविच्छिन्न देहाचे भाग गोळा करून वढू बुद्रुक येथे अंत्यसंस्कार केले. त्या वेळी राजघराण्यातील कोणीही तेथे येऊ शकत नव्हते. राजाराम महाराजांना जिंजीकडे जावे लागले. त्याच वर्षी रायगड मोगलांच्या हाती पडून येसूबाई व बालशाहू कैदेत गेले. शाहू महाराजांची सुटका इ.स. १७०७ मध्ये, औरंगजेबाच्या मृत्यूनंतर झाली. त्यामुळे मृत्यूनंतरची अठरा वर्षे या स्थळाची राजकीय पातळीवर दखल घेणारे कोणी नव्हते.

पुढील काळात तुळापूर हे मृत्युस्थळ म्हणून परिचित राहिले, परंतु वढूचे महत्त्व स्थानिक लोकांपुरते उरले. संभाजी महाराजांच्या चरित्राची साधने जमवत असताना बेंद्रे यांनी मृत्यूचे ठिकाण आणि अंत्यसंस्काराचे ठिकाण हे दोन वेगळे प्रश्न मानले. कागदपत्रे, गावातील परंपरा आणि प्रत्यक्ष जागा यांची सांगड घालून त्यांनी वढू बुद्रुक येथील समाधी संभाजी महाराजांची असल्याचे दाखवून दिले.

अस्थींची तपासणी हा या निश्चितीचा आधार नव्हता. इंग्लंडचा राजा तिसरा रिचर्ड याचा सांगाडा लेस्टर येथे इ.स. २०१२ मध्ये सापडला व त्याची ओळख जनुकीय चाचणीने पटवता आली, कारण तेथे दफन झाले होते. जेथे दहन झाले आहे, तेथे असा पुरावा मिळणे कठीण असते. अशा ठिकाणी कागद व लोकपरंपरा हेच आधार उरतात आणि साधनांच्या चिकित्सेला विशेष महत्त्व येते.

अंत्यसंस्कार कोणी केले, याविषयी मात्र एकमत नाही. एका परंपरेनुसार गोविंद गोपाळ (गायकवाड) महार यांनी, तर दुसऱ्या परंपरेनुसार गावातील शिवले घराण्याने हे कार्य केले. डिसेंबर २०१७ मध्ये वढू येथे गोविंद गोपाळ यांच्या समाधीवरील फलकावरून वाद झाला. त्यानंतर १ जानेवारी, २०१८ रोजी कोरेगाव भीमा परिसरात हिंसाचार उसळला.

संभाजी महाराजांचे चरित्र

बेंद्रे यांचा 'छत्रपती संभाजी महाराज' हा ग्रंथ सुमारे चार दशकांच्या संशोधनानंतर इ.स. १९६० मध्ये प्रसिद्ध झाला. तोपर्यंत संभाजी महाराजांची व्यसनी व बेजबाबदार अशी प्रतिमा नाटके व कथांतून रूढ होती. तिचा एक प्रमुख आधार मल्हार रामराव चिटणीस यांची बखर होती. ही बखर संभाजी महाराजांच्या मृत्यूनंतर शंभराहून अधिक वर्षांनी लिहिली गेली. बखरकार हे बाळाजी आवजी चिटणीस यांचे वंशज होते आणि बाळाजी आवजींना संभाजी महाराजांनी देहदंड दिला होता. बेंद्रे यांनी समकालीन साधनांच्या आधारे संभाजी महाराजांची राज्यकारभारातील व युद्धांतील कामगिरी मांडली. त्यानंतर कमल गोखले यांचा 'शिवपुत्र संभाजी' हा ग्रंथ आणि शिवाजी सावंत यांची 'छावा' ही कादंबरी प्रसिद्ध झाली.

अन्य लेखन

'मालोजीराजे आणि शहाजी महाराज' व 'श्री छत्रपती शिवाजी महाराज' (१९७२) हे बेंद्रे यांचे अन्य चरित्रग्रंथ होत. संत तुकारामांचे चरित्र व त्यांचे समकालीन सहकारी हाही त्यांच्या अभ्यासाचा विषय होता. वयाच्या ९२व्या वर्षी त्यांचे निधन झाले. वढू बुद्रुक येथे दरवर्षी फाल्गुन अमावास्येला संभाजी महाराजांच्या पुण्यतिथीनिमित्त लोक समाधीच्या दर्शनाला येतात.