तहानलेल्या राजधानीसाठी जंगल

ब्राझीलचे सम्राट दुसरे पेद्रो यांचा जन्म १८२५ मध्ये रिओ द जानेरोत झाला. एक वर्षाचे असताना आई गेली. पाचव्या वर्षी वडील सिंहासन सोडून युरोपला निघून गेले. पुस्तकांच्या सोबतीने वाढलेल्या पेद्रोंना विज्ञानाची गोडी लागली. पुढे पॅरिसच्या पाश्चर संस्थेसाठी त्यांनी देणगीही दिली.

त्यांच्या राजधानीची प्रकृती मात्र बरी नव्हती. १८४९-५० मध्ये पीतज्वर म्हणजे यलो फीव्हरने आणि १८५५ मध्ये कॉलऱ्याने हजारो माणसे दगावली. त्यात पाण्याची टंचाई. शहराला पाणी देणारे ओढे तिजुकाच्या डोंगरांतून येत. तिथले जंगल कॉफीच्या मळ्यांसाठी तोडले गेले होते. उघड्या उतारावर पाऊस मुरत नाही, माती घेऊन वाहून जातो. ओढे आटू लागले.

सरकारने मळ्यांच्या जमिनी ताब्यात घेतल्या. १८६१ मध्ये तिजुकात पुन्हा जंगल उभारण्याचा आदेश निघाला आणि मेजर मॅन्युएल गोम्स आर्चर यांच्यावर ते काम सोपवले गेले. पुढच्या वर्षी लागवड सुरू झाली. रोपे प्रामुख्याने देशी झाडांची होती. खड्डे खणायला सुरुवातीला सहा गुलाम होते. शहराच्या पाण्यासाठी राबणारी ही माणसे स्वतः स्वतंत्र नव्हती. पेद्रोंना गुलामगिरी नापसंत होती, तरी ती संपायला १८८८ उजाडले. पुढच्याच वर्षी लष्कराने त्यांना पदच्युत केले. १८९१ मध्ये पॅरिसमध्ये, परागंदा अवस्थेत, न्यूमोनियाने त्यांचे निधन झाले.

तिजुका पुन्हा हिरवे झाले, पण त्यातले अनेक प्राणी नाहीसे झाले होते. अगुती हा कुरतडणारा प्राणी मोठ्या बिया जमिनीत पुरून ठेवतो. विसरलेल्या बियांतून झाडे उगवतात. तो नसेल तर अशा झाडांची पुढची पिढी अडते. म्हणून २०१० पासून अगुती आणि २०१५ मध्ये हाउलर माकडे तिथे पुन्हा सोडण्यात आली.

या माकडांचा आरोग्याशीही संबंध आहे. पीतज्वर डासांमुळे पसरतो, माकडाच्या स्पर्शाने नव्हे. हाउलर माकडे त्याला फार लवकर बळी पडतात. जंगलात ती मरू लागली, की माणसांचे लसीकरण वाढवण्याची वेळ आली हे कळते. भीतीपोटी त्यांना मारणे म्हणजे धोक्याची घंटाच फोडणे.